जुने फिल्म कॅमेरे: निवडताना आणि वापरताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुना फिल्म कॅमेरा घ्यायच्या आधी पडणारे प्रश्न आणि पहिले दोन-चार रोल धुवून आल्यावर पडणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. ३५ मिमी आणि १२० या दोन प्रकारच्या फिल्मवर चालणाऱ्या कॅमेऱ्यांपुरतंच हे लिहिलं आहे. एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढची बरीच उत्तरं तिच्यावर उभी आहेत: मॉडेलच्या नावापेक्षा तुमच्या हातात आलेला नग कसा आहे, हे महत्त्वाचं. चाळीस-पन्नास वर्षांत एकाच मॉडेलचे दोन कॅमेरे फार वेगवेगळं आयुष्य जगलेले असतात.

पहिला कॅमेरा कोणता घ्यावा?

३५ मिमीचा, पूर्ण यांत्रिक एसएलआर (आतल्या आरशामुळे लेन्समधूनच बघता येतं असा कॅमेरा) आणि त्यावर ५० मिमीची लेन्स. पेंटॅक्स के१०००, निकॉन एफएम, ऑलिंपस ओएम-१, मिनोल्टा एसआर-टी १०१ यांपैकी जो चांगल्या अवस्थेत मिळेल तो घ्या. या सगळ्यांचं शटर (उजेड ठरावीक वेळ आत सोडणारी झडप) स्प्रिंग आणि दात्यांवर चालतं. सेल लागतो तो फक्त उजेड मोजणाऱ्या लाइट मीटरला. सेल संपला तरी फोटो काढता येतो आणि बिघाड झाला तर जाणता कारागीर उघडून दुरुस्त करू शकतो.

के१००० हा १९७६ ते १९९७ अशी तब्बल दोन दशकं बनत राहिला आणि फोटोग्राफी शिकणाऱ्या असंख्य विद्यार्थ्यांच्या हातात गेला. त्यात सेल्फ-टायमरसुद्धा नाही. शटरचा वेग, छिद्र (लेन्समधलं, उजेडासाठी लहान-मोठं करता येणारं भोक) आणि फोकस एवढ्या तीनच गोष्टी तुम्हाला ठरवायच्या असतात. त्याच्या मीटरला बंद करायचं बटण नसतं, म्हणून वापर नसताना लेन्सवर टोपण हवंच, नाहीतर सेल उतरतो. ओएम-१ आकाराने लहान आणि हलका आहे, शिवाय त्याचा व्ह्यूफाइंडर मोठा आणि उजळ आहे. मात्र त्याची शटरची चकती वर नसून लेन्स जिथे बसते त्या माउंटभोवती असते. काहींना ती पहिल्याच दिवशी आवडते, काहींना कधीच नाही. म्हणून शक्य असेल तर हातात घेऊन बघा. चष्मा असेल तर चष्म्यासकट व्ह्यूफाइंडरचे चारही कोपरे दिसतात का, हेही पाहा.

कॅनन एई-१ बद्दल एवढं ऐकतो. तो घेऊ नये का?

चालू असेल तर जरूर घ्या. १९७६ साली आलेल्या या कॅमेऱ्यात मायक्रोप्रोसेसर होता आणि त्याने एसएलआर हौशी लोकांपर्यंत नेला. पण त्याचं शटर इलेक्ट्रॉनिक आहे. ६ व्होल्टचा सेल संपला की खटका दाबून काहीच होत नाही, आणि सर्किट गेलं तर दुरुस्ती कठीण होते. खटका दाबल्यावर चिरका, खोकल्यासारखा आवाज येत असेल तर आरशाच्या यंत्रणेतलं वंगण वाळलं आहे असं समजा. हा दोष दुरुस्त होतो, म्हणून तेवढ्यावरून कॅमेरा नाकारू नका. किंमत ठरवताना मात्र तो खर्च धरा.

निकॉन एफई आणि पेंटॅक्स एमई सुपर या दोघांनी मधला मार्ग काढला आहे. शटर इलेक्ट्रॉनिक असलं तरी सेल संपल्यावर एक यांत्रिक वेग शिल्लक राहतो: एफईमध्ये १/९० सेकंद, एमई सुपरमध्ये १/१२५.

एसएलआर, रेंजफाइंडर, ट्विन-लेन्स: माझ्यासाठी काय?

एसएलआरमध्ये लेन्समधून जे दिसतं तेच फिल्मवर उमटतं. जवळचे फोटो, वेगवेगळ्या लेन्स, फिल्टर या सगळ्यासाठी तो सोयीचा.

रेंजफाइंडरमध्ये लेन्समधून नाही, वेगळ्या खिडकीतून बघायचं असतं. मधल्या चौकोनात दोन प्रतिमा दिसतात आणि त्या एकमेकींवर बसल्या की फोकस झाला. आरसा नसल्यामुळे आवाज कमी, आणि खटका दाबताना डोळ्यासमोर अंधार होत नाही. माणसांमध्ये मिसळून फोटो काढायला यासारखा कॅमेरा नाही. १९५४ चा लायका एम३ यातला सगळ्यात नावाजलेला, पण सुरुवातीला न बदलणाऱ्या लेन्सचे कॅननेट क्यूएल१७ किंवा यशिका इलेक्ट्रो ३५ पुरेसे आहेत. दोन सवयी लावून घ्याव्या लागतात. लेन्सवर टोपण राहिलं तरी खिडकीतून सगळं स्वच्छ दिसत राहतं, म्हणून टोपण आधी खिशात टाका. आणि शटरचा पडदा कापडी असलेला रेंजफाइंडर उघड्या लेन्सने सूर्याकडे तोंड करून ठेवू नका. लेन्स बहिर्गोल भिंगाचं काम करते आणि पडद्याला भोक पडतं.

ट्विन-लेन्स कॅमेरे लोकप्रिय झाले ते १९२९ च्या रोलायफ्लेक्सपासून. एका लेन्सने बघायचं, दुसरीने फोटो निघतो. कॅमेरा छातीशी धरून, मान खाली घालून घासलेल्या काचेवर चित्र जुळवायचं. ते डावं-उजवं उलटं दिसतं, त्यामुळे चालत्या माणसामागे कॅमेरा फिरवताना हात पहिल्यांदा हमखास चुकीच्या बाजूला जातो. पण व्यक्तिचित्रांसाठी हा कॅमेरा मला फार प्रिय आहे. समोरच्याकडे रोखून न बघता फोटो काढता येतो आणि चेहरे सैल होतात.

ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या छोट्या स्वयंचलित कॅमेऱ्यांना सध्या खूप मागणी आहे. फोटो चांगले येतात, पण आतलं इलेक्ट्रॉनिक्स बंद पडलं की बहुतेकदा तिथेच संपतं. त्यात मोठी रक्कम घालावी असं मला वाटत नाही.

३५ मिमी की १२०?

३५ मिमीच्या रोलवर २४×३६ मिमीच्या ३६ चौकटी मिळतात. १२० वर ६×६ च्या कॅमेऱ्यात १२, पण प्रत्येक चौकट क्षेत्रफळाने साधारण साडेतीन पट मोठी. मोठा प्रिंट काढायचा असेल तर फरक उघड दिसतो. शिकण्यासाठी ३५ मिमी. कॅमेऱ्यावर ६२० किंवा १२७ असं लिहिलेलं असेल तर थांबा. ६२० ची फिल्म १२० इतकीच रुंद, पण रीळ वेगळं असतं, त्यामुळे अंधारात फिल्म उलगडून दुसऱ्या रिळावर गुंडाळावी लागते.

विकत घेताना काय तपासावं?

फिल्म न भरता, मागचं झाकण उघडून सुरुवात करा. झाकणाच्या खाचांमध्ये आणि आरशाच्या वर फोमच्या पट्ट्या असतात. जुन्या कॅमेऱ्यांत त्या हमखास डांबरासारख्या चिकट झालेल्या सापडतात. त्या बदलणं सोपं आहे, म्हणून हा दोष घासाघीस करण्यापुरता. मात्र तो काळा चिकटा शटरच्या पडद्यावर किंवा आरशावर पसरला असेल तर प्रकरण वाढतं.

मग शटर. सगळ्या वेगांवर एकेकदा खटका दाबा. १ सेकंदाचा वेग कानाने कळतो. मध्येच अडकत असेल, किंवा दोन-तीन सेकंद घेत असेल, तर आतलं तेल वाळलं आहे. लेन्सच्या आत शटर असलेल्या कॅमेऱ्यांत संथ वेगच आधी रुसतात. वेगवान बाजूचे दोष कानाला कळत नाहीत. एसएलआर असेल तर लेन्स काढा, उजळ भिंतीकडे धरून मागून बघत १/१००० वर खटका दाबा. चौकटीच्या एका कडेपासून दुसरीपर्यंत सारखा उजेड चमकला पाहिजे. एक बाजू काळी राहत असेल तर दोन पडदे एकमेकांना गाठत आहेत, आणि फोटोचीही तीच बाजू काळी येणार. कापडी पडदा असेल तर अंधाऱ्या खोलीत मागून टॉर्च लावा आणि लेन्सच्या बाजूने बारीक भोकं दिसतात का ते बघा.

लेन्स पूर्ण उघडून आरपार टॉर्च मारा. थोडी धूळ सोडून द्या, फोटोत ती दिसत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी, दुधट पडदा म्हणजे आतल्या तेलाची वाफ बसलेली. छिद्राच्या पात्यांवर तेल चकाकत असेल तर एसएलआरमध्ये ती वेळेवर बंद होत नाहीत आणि फोटो गरजेपेक्षा उजळ येतात. सेलचा कप्पा उघडून हिरवा-पांढरा क्षार आहे का पाहा. घडीच्या कॅमेऱ्यात भात्याच्या आत टॉर्च घालून कोपरे बाहेरून तपासा. रेंजफाइंडरमध्ये खूप दूरच्या वस्तूवर, फोकस अनंतावर असताना, दोन प्रतिमा जुळतात का बघा.

जुन्या कॅमेऱ्याचा सेल्फ-टायमर मात्र तपासायच्या फंदात पडू नका. लेन्सजवळच्या छोट्या दांडीवर एम, एक्स, व्ही अशी अक्षरं असतील तर व्ही म्हणजे सेल्फ-टायमर. तो वाळलेल्या तेलात अर्ध्यावर अडकला की चालू शटरही बंद पडतं.

ऑनलाइन घेत असाल तर विक्रेत्याला उजेडाविरुद्ध धरलेल्या लेन्सचा फोटो मागा. ‘तपासलेला आहे’ या शब्दांना फारसा अर्थ नाही. या नगातून काढलेल्या रोलचे फोटो दाखवा, असं विचारा. आणि सोनेरी मुलाम्याचा, युद्धकाळातली चिन्हं कोरलेला लायका स्वस्तात दिसला तर तो बहुधा फेड किंवा झोर्की या सोव्हिएत कॅमेऱ्यावर नवं नाव कोरून केलेला असतो.

लेन्समध्ये थोडी बुरशी आहे. घ्यावी का?

कडेला चार धागे असतील तर फोटोवर परिणाम जवळजवळ नसतो. उजेडाविरुद्ध काढलेल्या फोटोत थोडी चमक पसरते, इतकंच. पण बुरशी वाढते आणि कालांतराने काचेवरचा लेप खाते. मग साफ केली तरी डाग राहतात. म्हणून घ्यायची असेल तर लगेच साफ करून घ्या.

बुरशीचं मूळ दमट, कोंदट, अंधारी जागा. कॅमेरा चामड्याच्या पिशवीत घालून कपाटात ठेवणं हा सगळ्यात वाईट उपाय, कारण चामडं ओल धरून ठेवतं. हवाबंद डब्यात रंग बदलणारी सिलिका जेल घाला किंवा आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांवर ठेवणारं ड्राय कॅबिनेट वापरा. आणि कॅमेरा बाहेर काढा, वापरा. रोज उजेड आणि हवा मिळणाऱ्या लेन्सला बुरशी सहसा लागत नाही.

काही लेन्स पिवळट दिसतात, उदाहरणार्थ सुपर-टाकुमार ५० मिमी एफ/१.४. त्यांच्या काचेत थोरियम आहे आणि त्याच्या किरणोत्सर्गाने काच पिवळी पडते. काही दिवस अतिनील प्रकाशात ठेवली की पिवळेपणा बराच उतरतो. कॅमेऱ्यावर लावून वापरण्यात काळजीचं कारण नाही.

माझ्या कॅमेऱ्याचा सेल आता बनतच नाही. काय करू?

साठ-सत्तरच्या दशकातले अनेक मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर बेतलेले होते. पारा विषारी म्हणून ते सेल बंद झाले. त्याच मापाचा १.५ व्होल्टचा अल्कलाइन सेल बसतो, पण मीटर चुकतो आणि सेल उतरत जाईल तशी चूकही बदलत जाते. दोन चांगले उपाय आहेत. एक, श्रवणयंत्रात वापरतात तो झिंक-एअर सेल. व्होल्टेज जवळचं मिळतं, पण तो काही आठवड्यांत-महिन्यांत संपतो. दुसरा, व्होल्टेज उतरवणारं अडॅप्टर आणि सिल्व्हर ऑक्साइड सेल. पेंटॅक्स स्पॉटमॅटिकच्या मीटरचं सर्किट असं आहे की व्होल्टेजच्या फरकाने त्याचं फार बिघडत नाही.

१९६७ च्या ऑलिंपस ट्रिप ३५ सारख्या कॅमेऱ्यांना सेल लागतच नाही. लेन्सभोवतीचा सेलेनियमचा पट्टा उजेडावर चालतो. तपासायचं सोपं आहे: ऑटोवर ठेवून लेन्स हाताने पूर्ण झाका आणि खटका दाबा. व्ह्यूफाइंडरमध्ये लाल पट्टी वर आली आणि शटर अडलं, म्हणजे ती यंत्रणा जागी आहे. मग उजेडात धरा. तिथे शटर चाललं पाहिजे. तिथेही लाल पट्टीच येत असेल तर सेलेनियम संपलं असण्याची शक्यता मोठी.

मीटर अजिबात नसेल तर?

मोबाइलवरचं मीटरचं ॲप पुरतं. पण उन्हाचा नियम पाठ असावा असं मला मनापासून वाटतं, कारण त्याने उजेड वाचायची सवय लागते. स्वच्छ उन्हात छिद्र एफ/१६ आणि शटरचा वेग फिल्मच्या आयएसओइतका (आयएसओ म्हणजे फिल्म उजेडाला किती संवेदनशील आहे त्याचा आकडा). २०० ची फिल्म असेल तर १/२००, म्हणजे कॅमेऱ्यावरचा जवळचा १/२५०. विरळ ढग आले, सावल्यांच्या कडा मऊ झाल्या की एफ/११. सावल्या पुसट झाल्या की एफ/८. आभाळ भरून आलं की एफ/५.६. मोकळ्या सावलीत एफ/४. निगेटिव्ह फिल्मला उजेड थोडा जास्त मिळाला तर ती सांभाळून घेते, कमी मिळालेला मात्र सहन करत नाही. शंका आली तर एक पायरी जास्त, म्हणजे दुप्पट उजेड द्या. स्लाइड फिल्मला हे लागू नाही, तिथे अर्ध्या पायरीची चूकही दिसते.

पहिला रोल कोणता भरू?

आयएसओ ४००, कृष्णधवल. इलफर्ड एचपी५ प्लस किंवा कोडॅक ट्राय-एक्स. दोन्ही चुका पोटात घेतात आणि घरी धुता येतात. रंगीत हवी असेल तर कोडॅक गोल्ड २०० उन्हासाठी, पोर्ट्रा ४०० मिश्र उजेडासाठी. पहिल्या काही रोलना फिल्म बदलू नका. कॅमेराही नवा, फिल्मही नवी असेल तर काय कशामुळे झालं ते कळत नाही.

मुदत संपलेली फिल्म कॅमेरा तपासायला वापरू नये. साध्या खोलीत पडून राहिलेल्या रंगीत निगेटिव्हला दर दहा वर्षांमागे एक पायरी जादा उजेड द्यावा, असा ढोबळ हिशेब आहे.

रोल भरला, पण सगळी फिल्म कोरी आली. असं का?

बहुतेक वेळा फिल्म पुढच्या रिळाला अडकलेलीच नसते. झाकण लावण्याआधी दोन्ही बाजूंची भोकं दात्यांवर बसल्याची खात्री करा, फिल्म हलकेच ताणून घ्या, झाकण लावा आणि फिल्म पुढे सरकवणारी तरफ ओढताना डावीकडची रिवाइंडची चकती उलटी फिरते का बघत राहा. ती फिरली तर फिल्म सरकते आहे.

कोऱ्या निगेटिव्हच्या कडेला फिल्मचं नाव आणि आकडे स्पष्ट असतील तर धुण्यात दोष नाही. फिल्मवर उजेडच पडला नाही. कडेची अक्षरंही नसतील तर रसायनात गडबड झाली आहे.

बाकीचे दोष कसे ओळखायचे?

स्कॅन पाहू नका, निगेटिव्ह हातात घ्या. स्कॅनर बरंच झाकतो. प्रत्येक चौकटीत एकाच जागी काळा ठिपका, म्हणजे प्रिंटमध्ये पांढरा: पडद्याला भोक. कडेकडून आत येणारे काळे पट्टे, म्हणजे रंगीत प्रिंटमध्ये नारिंगी-लाल: फोम गेला. चौकटी एकमेकींवर चढलेल्या: फिल्म ओढणारी यंत्रणा घसरते. सावल्यांत काहीच तपशील नाही, निगेटिव्ह पातळ: उजेड कमी पडला, मीटर तपासा किंवा आयएसओची चकती.

रोलच्या शेवटी तरफ अडली तर जोर लावू नका, भोकं फाटतात. तळाचं बटण दाबून मग गुंडाळा. झोर्की आणि फेडमध्ये शटरचा वेग बदलायचा तो तरफ ओढल्यानंतरच. आधी बदलला तर आतली यंत्रणा बिघडू शकते.

घरी रोल धुता येतो का?

कृष्णधवल अगदी आरामात. डार्करूम लागत नाही. हात घालायची काळी पिशवी, झाकणाची टाकी, थर्मामीटर, डेव्हलपर (चित्र उमटवणारं रसायन) आणि फिक्सर (ते पक्कं करणारं). पिशवीत फिल्म रिळावर चढवून टाकी बंद केली की पुढचं सगळं उजेडात. टाकाऊ फिल्म घेऊन, आधी डोळे उघडे ठेवून आणि मग मिटून, रिळावर चढवायचा सराव करा. सगळी अडचण तिथेच असते. डी-७६ हा डेव्हलपर १९२० च्या दशकापासून चालत आला आहे आणि आजही सुरुवातीला तोच सुचवीन. तापमान २० अंश सेल्सिअस धरा. वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी उतरलेली असते, तो मोरीत ओतू नका.

रंगीत निगेटिव्ह धुण्याची सी-४१ ही कृती लांब नाही, पण डेव्हलपर ३७.८ अंशांवर ३ मिनिटं १५ सेकंद लागतो आणि तापमान हलून चालत नाही. ते लॅबकडे द्यायला हरकत नाही. निगेटिव्ह मात्र परत मागून घ्या. स्कॅन पुन्हा करता येतो.

सर्व्हिसिंग करावंच लागतं का?

रोज वापरायचा असेल तर हो. कॅमेरा उघडून साफ करणं, वंगण, वेग जुळवणं या कामाला वेळ आणि कौशल्य लागतं, आणि हे काम जाणणारे हात कमी होत चालले आहेत. चांगला कारागीर सापडला तर त्याने सांगितलेल्या मजुरीत घासाघीस करू नका. स्वतः शटरवर गंजरोधक तेलाचा फवारा कधीही मारू नका, ते पात्यांवर पसरतं. पडून असलेला कॅमेरा महिन्यातून एकदा सगळ्या वेगांवर चालवा आणि सेल काढून ठेवा.

विमानतळावरच्या एक्स-रेने फिल्म खराब होते का?

नव्या सीटी स्कॅनरमधून कोणत्याही आयएसओची फिल्म जाऊ देऊ नका. पारदर्शक पिशवीत वेगळी ठेवा आणि हाताने तपासण्याची विनंती करा. सामानाच्या मोठ्या बॅगेत तर कधीच टाकू नका.

फिल्म महाग आहे. पुरवून कशी वापरू?

अर्ध्या चौकटीचा कॅमेरा बघा. १९५९ च्या ऑलिंपस पेनपासून हा प्रकार लोकप्रिय झाला. ३६ च्या रोलवर ७२ फोटो निघतात. २०२४ मध्ये आलेला पेंटॅक्स १७ नवाकोरा असूनही याच पद्धतीचा आहे. नाहीतर एकच कॅमेरा, एकच लेन्स ठेवा आणि प्रत्येक चौकटीचं छिद्र, वेग आणि उजेड वहीत लिहा. निगेटिव्हशेजारी ती नोंद ठेवून बसलात की एका रोलमधून पुष्कळ शिकता येतं, आणि तसं बसणं हाच या छंदातला मला सगळ्यात आवडणारा भाग आहे.

घरातल्या जुन्या कॅमेऱ्यात अर्धवट रोल सापडला. काय करू?

झाकण उघडू नका. रिवाइंडची चकती हलकेच फिरवून बघा, ताण जाणवला तर आत फिल्म आहे. तळाचं बटण दाबून सावकाश गुंडाळा. जुनी फिल्म ठिसूळ असते, अडली तर काळ्या पिशवीतच उघडा. उरलेल्या चौकटींवर नवे फोटो काढायचा मोह टाळा. रिळावरचं नाव वाचा. कोडॅक्रोम (कोडॅकची जुनी स्लाइड फिल्म) असेल तर त्याचे रंग आता मिळणार नाहीत, कारण त्याची खास प्रक्रिया २०१० च्या अखेरीनंतर बंद झाली. कृष्णधवल म्हणून धुवून आकृत्या मात्र मिळू शकतात. जुने रोल धुण्याचा अनुभव असलेल्या लॅबलाच द्या, सोबत फिल्मचं नाव आणि अंदाजे वर्ष लिहून द्या, आणि काही दिसत नाही असं सांगितलं तरी निगेटिव्ह फेकू नका असं आधीच बजावा. पातळ निगेटिव्हमधून चांगल्या स्कॅनरने चेहरे बाहेर काढता येतात.